दीड तास एसटीने जाऊन लेक्चरला बसायचं कशासाठी?

एका मुलाने लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा एफवाय बीएस्सीला आहे, गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो, पहाटे वस्तीच्या एसटीने निघतो आणि दीड तासाने कॉलेजला पोचतो, येताना पुन्हा दीड तास. लेक्चरला सर नोट्स वाचून दाखवतात, त्याच नोट्स ग्रुपवर पीडीएफ म्हणून येतात, आणि तोच टॉपिक यूट्यूबवर कितीतरी चांगला समजावलेला असतो. तर ७५ टक्के अटेंडन्सची सक्ती सोडली तर रोज जायचं कशाला, घरी बसून अभ्यास केला तर तीन तास वाचतील, असं त्याचं म्हणणं.

मी रत्नागिरी जिल्ह्यातच एका कॉलेजात २४ वर्षं केमिस्ट्री शिकवतोय. बरीच मुलं हे विचारत नाहीत, नुसती यायची बंद होतात, म्हणून तू विचारलंस हे मला फार बरं वाटलं. शिस्त, संस्कार, कॉलेजचे मंतरलेले दिवस वगैरे काही सांगणार नाही, कारण पावसात भिजून पाऊणशे किलोमीटर ये-जा करणाऱ्या मुलाला तसलं काही ऐकवायचा मला अधिकार नाही. तुझा खरा प्रश्न अटेंडन्सचा नाहीच आहे. तुझा प्रश्न असा आहे की वर्गात असं काय होतं जे पीडीएफमध्ये आणि व्हिडिओत येत नाही, आणि ते रोजच्या तीन तासांच्या मोलाचं आहे का. माझं उत्तर आहे की हो, आहे, पण ते आपोआप मिळत नाही, आणि सगळ्यांच्या परिस्थितीत ते मोल सारखं नसतं.

परिस्थितीचं आधी बोलतो. घरात कमावणारा तू एकटाच असशील, किंवा आजारी माणसाचं करायला दुसरं कुणी नसेल, तर रोज कॉलेजला ये असं मी तरी म्हणणार नाही. बीए, बीकॉम असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे, त्यात कमीपणा काही नाही, माझ्या ओळखीतली मुलं तिथून शिकून चांगल्या ठिकाणी आहेत. पण तू बीएस्सीला आहेस आणि बीएस्सीमधून लॅब काढली तर मागे फार थोडं उरतं. आणखी एक, काही कॉलेजांत जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक अर्ध्या वर्षात सोडून जातात आणि लेक्चर होतच नाहीत. जे लेक्चर होतच नाही त्याला हजर राहा असं कोण सांगेल. पण तू लिहिलंयस की लेक्चर होतात, सर येतात, फक्त वाचून दाखवतात. तेवढंच धरून पुढे बोलतो.

माझ्या वर्गात दरवर्षी घडणारी एक गोष्ट सांगतो. टॉपिक केमिकल इक्विलिब्रियम. शाळेत आपण त्याला रासायनिक समतोल म्हणतो. आता समतोल म्हटलं की डोळ्यासमोर येतो तराजू, दोन्ही पारडी सारखी, मग मुलं मनात पक्कं धरून बसतात की इक्विलिब्रियमला रिअ‍ॅक्टंट (सुरुवातीचे पदार्थ) आणि प्रॉडक्ट (त्यांच्यापासून तयार होणारे) निम्मे निम्मे होतात. हे चूक आहे, सारखे होतात ते वेग, पुढे जाणाऱ्या रिअ‍ॅक्शनचा आणि उलट येणाऱ्या रिअ‍ॅक्शनचा, प्रमाण दोन्हीकडे कितीही असू शकतं. गंमत बघ, व्याख्या सगळ्यांना पाठ असते, त्यात 'वेग समान' असंच लिहिलेलं असतं, पेपरात लिहून दोन मार्क पण मिळतात. पण मी विचारलं की इक्विलिब्रियमला एका बाजूला ९० टक्के आणि दुसऱ्या बाजूला १० टक्के असू शकतं का, तर अर्ध्याहून जास्त वर्ग 'नाही' म्हणून हात वर करतो. म्हणजे व्याख्या एका कप्प्यात आणि तराजू दुसऱ्या कप्प्यात, दोघांची गाठच पडलेली नाही.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने सरळ विचारलं, "सर, सारखे नाहीत तर मग समतोल कसला?" मला चटकन उत्तर सुचेना. मग फळ्यावर एसटी स्टँड काढला. मोठ्या स्टँडवर ९० माणसं, फाट्यावर १०. दर पाच मिनिटांनी स्टँडवरून तीन माणसं फाट्यावर जातात आणि फाट्यावरून तीन स्टँडवर येतात. आकडे बदलत नाहीत, पण माणसं हलायची थांबलेली नाहीत, आणि दोन्हीकडचे आकडे सारखे पण नाहीत. वर्गात एकदम 'हां' असा आवाज आला. तो स्टँड माझ्या नोट्समध्ये आजही नाही. तो त्या मुलीच्या प्रश्नातून आला, आणि ती त्या दिवशी घरी राहिली असती तर तिच्याबरोबर सगळ्या वर्गाचा तराजू तसाच राहिला असता.

मला म्हणायचंय ते एवढंच आहे. व्हिडिओ उत्तम असू शकतो, माझ्यापेक्षा चांगला असू शकतो, पण व्हिडिओवाल्याला तू दिसत नाहीस. तुला काय चुकीचं समजलंय हे त्याला कळायचा मार्ग नाही, आणि जे चुकीचं समजलंय ते तुला स्वतःला पण कळत नाही, कारण चुकीचं समजलेलं मनाला अगदी बरोबर समजल्यासारखंच वाटतं. व्हिडिओ बघताना मान डोलवत आपण पुढे जातो. वर्गात प्रश्न आला, शेजारच्याने वेगळं उत्तर दिलं, आपला हात चुकीच्या वेळी वर गेला, की मग कुठे कळतं की आपल्या डोक्यात काहीतरी भलतंच बसलंय.

त्यात भाषेची भानगड आहे. तू कुठल्या माध्यमातला ते लिहिलं नाहीस, पण आपल्याकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीत किंवा सेमीत शिकलेली असतात आणि अकरावीपासून एकदम सगळं इंग्रजीत. यूट्यूबवरचे चांगले व्हिडिओ इंग्रजीत नाहीतर हिंदीत. ते ऐकून समजतं, पण त्यातलं एक वाक्य स्वतःच्या तोंडाने बोलायची वेळ येत नाही. वर्गात 'सर हे असं का' एवढं मराठीत विचारता येतं, सर मराठीत सांगतात आणि मधे मधे इंग्रजी शब्द पेरतात, त्यातूनच ते शब्द हळूहळू आपल्या तोंडात बसतात. पुढे एमएस्सीच्या व्हायव्हात किंवा लोटे एमआयडीसीतल्या एखाद्या केमिकल कंपनीत इंटरव्ह्यूला बसशील तेव्हा तिथे समोरचा माणूस प्रश्न विचारणार आणि तुला बोलावं लागणार, पीडीएफ दाखवता येणार नाही.

लेक्चर बुडलं तर मित्राच्या नोट्स आहेतच असं कुणालाही वाटतं, आता त्याचं. हे माझ्या स्वतःच्या अंगावर आलेलं आहे. मी एसवायला असताना फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळजवळ दीड महिना कॉलेजला गेलो नाही, वडील आजारी आणि आंब्याचा सीझन तोंडावर, दुसरं कोण बघणार होतं. नंतर एका हुशार मित्राची वही घेतली, अक्षर सुरेख, सगळं उतरवून काढलं. त्यात थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम होता, म्हणजे उष्णता, काम आणि ऊर्जा यांचा हिशोब. काम या राशीचं चिन्ह दोन पद्धतीने धरतात, जुन्या पुस्तकांत सिस्टीमने (आपण ज्याचा विचार करतोय त्या भागाने) केलेलं काम पॉझिटिव्ह धरतात, नव्या पद्धतीत सिस्टीमवर केलेलं काम पॉझिटिव्ह, त्यामुळे समीकरणात एकीकडे वजा येतो आणि एकीकडे अधिक. सरांनी वर्गात सांगितलं होतं की आपण अमुक पद्धत वापरतोय. मित्राला ते ऐकून समजलं, म्हणून त्याने लिहिलं नाही. मी वहीतून एक समीकरण पाठ केलं आणि पुस्तकातून दुसरं, परीक्षेत पास पण झालो, आणि पुढे काही वर्षांनी नवीन लेक्चरर म्हणून उभा असताना एका पोराने विचारलं की सर इथे वजा का आणि तिथे अधिक का, तेव्हा मला उत्तर आलं नाही. त्या रात्री मी ते पहिल्यापासून शिकलो. ती एक ओळ वहीत का नव्हती याचा मी खूप विचार केलाय. दुसऱ्याच्या नोट्समध्ये त्याला लिहावंसं वाटलं तेवढंच असतं. जे त्याला सोपं गेलं ते त्यात नसतं, आणि नेमकं तेच तुला अवघड जाणारं असू शकतं.

प्रॅक्टिकलबद्दल तर मी अजिबात तडजोड करणार नाही. २०२०-२१ ला लॉकडाऊन, मग २०२१ च्या ऑक्टोबरअखेरपासून एसटीचा संप, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला, गावातली मुलं येऊच शकत नव्हती. मी व्हिडिओ करून पाठवले, मुलं सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, रेंज शोधत बसून बघायची, खरंच मनापासून बघायची. नंतर ती लॅबमध्ये आली तेव्हा मी बघत राहिलो. टायट्रेशनची (एका द्रावणात दुसरं मोजून थेंब थेंब सोडायचं, त्याची) सगळी थिअरी येत होती पण फिनॉल्फथॅलीन या रंग बदलणाऱ्या सूचकाचा रंग गडद गुलाबी होईपर्यंत ब्युरेट, म्हणजे खुणांची तोटीवाली नळी, चालूच, कारण व्हिडिओत गुलाबी रंग दिसला होता एवढंच लक्षात. एंड पॉइंट, म्हणजे जिथे थांबायचं तो क्षण, हा अगदी फिकट गुलाबी, हलवल्यावर टिकणारा, आणि तिथे पोचायला शेवटी अर्धा अर्धा थेंब सोडायला लागतो, ब्युरेटच्या टोकाला लोंबणारा थेंब फ्लास्कच्या काचेला टेकवून पाण्याने खाली घ्यायचा. रीडिंग घेताना डोळा पातळीत नाही. रंगहीन द्रावणाला मेनिस्कसची (नळीतल्या द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाची) खालची कड वाचायची आणि पोटॅशियम परमँगनेटला वरची, कारण त्याच्या गडद रंगात खालची दिसतच नाही, हे माहीत होतं पण हाताला माहीत नव्हतं. हाताला शिकवायला शेजारी कुणीतरी उभं राहून 'थांब, आता थांब' म्हणणारं लागतं.

तू म्हणशील हे झाले तुमचे अनुभव. तर अभ्यास पण झालेले आहेत. २०१० साली अमेरिकेत क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटेंडन्स आणि मार्कांवरचे आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले, तर कॉलेजातले मार्क कसे पडतील याचा अंदाज प्रवेश परीक्षेच्या मार्कांपेक्षा, शाळेतल्या मार्कांपेक्षा आणि अभ्यासाच्या सवयींपेक्षाही हजेरीवरून जास्त चांगला येत होता. मला पण आधी वाटायचं की हुशार आणि मेहनती मुलंच येतात, म्हणून तसं दिसत असेल, पण त्यांना हजेरीचा मुलांच्या स्वभावाशी किंवा इच्छेशी फारसा घट्ट संबंध दिसला नाही. त्याच अभ्यासात सक्तीचा परिणाम मात्र थोडाच निघाला. म्हणून ७५ टक्क्यांचा धाक दाखवण्यात मला फार रस नाही, तो विद्यापीठाचा नियम आहे, पाळावा लागतो, पण नुसती सही करून झोपणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

आणि तुझी तक्रार पण खरी आहे हे सांगायला हवं. २०१४ मध्ये फ्रीमन आणि इतरांनी विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या शिकवण्यावरचे २२५ अभ्यास तपासले, तर जिथे नुसतं एकतर्फी लेक्चर होतं तिथे नापास व्हायचं प्रमाण, मुलांना बोलायला, सोडवायला लावणाऱ्या वर्गांपेक्षा दीडपट होतं. म्हणजे नोट्स वाचून दाखवणं हे वाईट शिकवणंच आहे. हे मी शिक्षक म्हणून लाज वाटून मान्य करतो. पण मग तुझ्या हातात काय आहे ते बघ. पीडीएफ आधीच येते ना, तर ती आदल्या रात्री दहा मिनिटं वाच, व्हिडिओ पण आदल्या रात्रीच बघ, आणि एक प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून घेऊन जा, एकच. सर वाचायला लागले की त्या ठिकाणी हात वर कर. बरेच शिक्षक वाचून दाखवतात कारण वर्ग गप्प असतो, समोर चाळीस गप्प चेहरे असले की माणूस कागदाचा आधार घेतो, मी पण घेतलेला आहे. कुणी एकाने विचारलं की कागद बाजूला पडतो, नेहमी नाही, पण बऱ्याचदा. वर्गात विचारायला संकोच वाटत असेल तर तास संपल्यावर व्हरांड्यात गाठ. आम्हाला व्हरांड्यात विचारणारी मुलं वर्षानुवर्षं लक्षात राहतात, आणि पुढे एमएस्सीला किंवा कुठे ट्रेनिंगला शिफारसपत्र लागतं तेव्हा ज्याला ओळखतो त्याच्याबद्दलच दोन ओळी खऱ्या लिहिता येतात.

आता तुझे तीन तास. इथे मला वाटतं तुझा फायदा आहे आणि तो तुला दिसला नाहीये. आपल्या वळणावळणाच्या रस्त्यावर एसटीत पुस्तक उघडलं की मळमळतं, म्हणून मुलं म्हणतात प्रवासात अभ्यास होत नाही. पुस्तक उघडूच नको. खिडकीला डोकं टेकव आणि आज पहिल्या लेक्चरला काय झालं ते सुरुवातीपासून आठवत जा, फळ्यावर काय होतं, उदाहरण कुठलं दिलं, कुठे आपल्याला कळलं नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता, काही मुलांनी एक उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून दुसऱ्या वेळी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आणि हे आठवणं वर्गात बसलेल्याला सोपं जातं, कारण आठवायला त्याच्याकडे नुसता मजकूर नसतो, सरांचा आवाज, शेजारच्याचा प्रश्न, फळ्याचा कोपरा असं धरायला बरंच काही असतं. घरी पोचल्यावर जे आठवलं नाही तेवढंच उघडून बघायचं. माझी एक विद्यार्थिनी तीन वर्षं हे करायची, मैत्रिणीला एसटीत सगळं लेक्चर पुन्हा सांगायची, मैत्रीण कॉमर्सची होती, तिला काही कळायचं नाही, तरी ऐकायची बिचारी.

रोजच्या रोज शंभर टक्के ये असं मी म्हणत नाही. आपल्याकडे जुलैत लावणी असते, ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की होडीवरच्या घरांत माणूस कमी पडतो, मग गणपती, पुढे शिमगा, आणि नेमकी आंब्याची काढणी आणि परीक्षा एकत्र. हे कॅलेंडर आपल्याला बदलता येत नाही. हिशोब करून बघ, २ क्रेडिटच्या थिअरी पेपरला ३० तास असतात, ७५ टक्के म्हणजे २३ तास धर, उरतात ७. ते ७ कंटाळा आला म्हणून जूनमध्ये उडवू नकोस, लावणी आणि गणपतीसाठी राखून ठेव. आणि ते सलग घालवू नकोस. एक तास बुडला तर पुढच्या तासाला बसून अंदाज लागतो, एकाच विषयाचे तीन सलग बुडाले की टॉपिकच हातातून जातो, मग चौथ्या तासाला काही कळत नाही, कळत नाही म्हणून पाचव्याला यावंसं वाटत नाही. मी जी मुलं गळताना बघितली ती बहुतेक अशीच गळली, एकदम कुणी सोडून देत नाही. सेमिस्टरचे पहिले दोन आठवडे तर एकही बुडवू नको, पुढचं सगळं त्यावर उभं असतं. जाणं शक्यच नसेल तर आदल्या दिवशी सरांना सांग, आणि आल्यावर मित्राची वही घेऊन दहा मिनिटं मित्रालाच घेऊन बस, वहीत नाही ते त्याला विचार.

शेवटचं एक, तू लिहिलंयस की गाडी उशिरा आली की पहिलं लेक्चर अर्धं होऊन गेलेलं असतं आणि सर आत घेत नाहीत. हे एकट्याने सोसू नकोस. त्या गाडीला येणारी सगळी मुलं मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, गाडी किती वाजता सुटते, किती वाजता पोचायला पाहिजे, रोज किती वाजता पोचते ते आठवडाभर लिहून त्यात जोडा, पासचे नंबर आणि सह्या घ्या, आणि कॉलेजच्या लेटरहेडवर आगार व्यवस्थापकांना पत्र मागा. आमच्याकडे असं पत्र मी दोनदा लिहून दिलंय. पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळी मुलांचे पालक आणि सरपंच पण आगारात गेले आणि गाडी वीस मिनिटं आधी सुटायला लागली, आजही ती त्याच वेळेला सुटते.